एका धाग्याला तीन पिक्सेल

टॉवेल-चादरींचे फोटो काढून ज्याचं पोट भरतं, त्याला सोलापुरात एक गोष्ट लवकर कळते. कारखान्यातली जमीन हलत असते. यंत्रमाग शेजारच्या खोलीत असले तरी आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा प्रत्येक ठोका फरशीतून वर येतो, तिथून टेबलात आणि टेबलातून ट्रायपॉडमध्ये. परवाच्या कामाचं सगळं गणित या हादऱ्यांपाशी येऊन अडतं. मित्राचा जुना कॅमेरा विकत घ्यायचा की नाही, याचंही.

काम टॉवेलचं नव्हतं. पूर्व भागातल्या एका कारखानदारांच्या आत्या हैदराबादहून आल्या होत्या आणि येताना त्यांनी आईचं नऊवारी लुगडं आणलं होतं. हातमागावरचं, सुती, बारीक चौकड्याचं, दोन्ही बाजूंना काठ. तसंच लुगडं पुन्हा विणून घ्यायचं कारखानदारांच्या मनात होतं. विणायला एक वयस्कर मास्तरही तयार होते, ज्यांचं अर्धं आयुष्य खड्डामागावर गेलेलं. अडचण एकच होती. आत्या संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होत्या आणि लुगडं मागे ठेवायला त्यांची तयारी नव्हती. मला त्यांचं वावगं वाटलं नाही. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांची नावं झाली. लुगडी मात्र अशी ट्रंकांतच राहिली, आणि ज्यांच्या ट्रंकेत आहेत ते त्यांना जीव लावतात.

मास्तरांना हवा होता ताण्याचा रंगक्रम. म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत उभे धागे कोणत्या रंगाचे, किती आणि कोणत्या क्रमानं आलेत, ते. एरवी हे काम पीक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, लावून इंच-इंच मोजत करतात. इंचाला ऐंशीच्या आसपास धागे आणि पन्हा सव्वा मीटरच्या जवळपास. एका दिवसात हे डोळ्यांनी उरकणारं नाही. म्हणून फोटो.

माझा नेहमीचा कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा. अर्धा मीटर रुंदी एका फ्रेममध्ये घेतली की एका धाग्याच्या वाट्याला पावणेचार पिक्सेल येतात. पुरेसे वाटतात, पण पुरत नाहीत. जवळपास सगळ्या डिजिटल कॅमेऱ्यांत ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये असताना शोधलेली रंगांची गाळणी सेन्सरवर असते, १९७६ च्या पेटंटमधली. तिच्यामुळे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. निम्मे हिरवा, पाव लाल, पाव निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरले जातात. आडव्या ओळीत लाल किंवा निळा एकाआड एक पिक्सेललाच मिळतो, त्यामुळे धाग्याची पुनरावृत्ती चार पिक्सेलच्या आत आली की अंदाज चुकू लागतो आणि कापडावर इंद्रधनुष्यी पट्टे उमटतात. लुगड्यावर तेच झालं. निळ्या आणि किरमिजी धाग्यांवर पिवळट-जांभळ्या लाटा. मास्तर स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हे रंग लुगड्यात नाहीत ओ." पट्टे सॉफ्टवेअरमध्ये पुसता येतात, पण पुसताना शेजारच्या धाग्यांचे रंग एकमेकांत मिसळतात. जिथं धाग्याचा रंग हाच प्रश्न आहे, तिथं ही सफाई कामाची नाही.

जवळ जाऊन तुकडे घ्या आणि जोडा, असं कुणीही सुचवेल. चौकड्याच्या कापडावर जोडणारं सॉफ्टवेअर फसतं, कारण त्याला प्रत्येक चौकडा सारखाच दिसतो. जोड वरून इतका साफ येतो की शंका येत नाही, आणि मोजायला बसलं की मधले आठ-दहा धागे गायब असतात. दुसरा मार्ग पिक्सेल शिफ्टचा. कॅमेरा सेन्सर एकेक पिक्सेल सरकवून चार फोटो घेतो, म्हणजे प्रत्येक जागी तिन्ही रंग खरे मोजले जातात. माझ्या कॅमेऱ्यात ती सोय आहे आणि शांत खोलीत ती उत्तम चालते. पण शेजारी माग सुरू होते, माल निघायचा होता, बंद करा म्हणायची सोय नव्हती. चार फोटोंच्या मध्ये टेबल हललं आणि धाग्यांच्या कडांवर बारीक जाळी उमटली.

तेव्हा बॅगेतून मित्राचा कॅमेरा काढला. सिग्मा डीपी३ मेरिल, २०१३ सालचं मॉडेल. मित्र लग्नाचे फोटो काढतो, हौसेनं घेतला होता, आता विकायचाय. "घेऊन टाक बे, तुझ्याच कामाचाय हा," असं म्हणून वापरून बघायला दिलेला. मेरिल हे नाव हा सेन्सर घडवणाऱ्यांपैकी एक, डिक मेरिल, यांचं. यात रंगांची गाळणी नाही. सेन्सरच्या सिलिकॉनमध्ये निळा प्रकाश वरच्या वर शोषला जातो, हिरवा मध्ये, लाल सर्वांत खोल. त्या खोलीनुसार तीन थर ठेवून प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग मोजायचे, अशी ही फोव्हिऑन नावाच्या या सेन्सरची रीत. जाहिरातीत शेहेचाळीस मेगापिक्सेल लिहिलेले असतात, ते तिन्ही थर मिळून. प्रत्यक्षात फोटो ४७०४ गुणिले ३१३६ चा, पंधराच्या आतला. म्हणजे एका धाग्याला जेमतेम तीन पिक्सेल. माझ्या कॅमेऱ्यापेक्षा कमी, पण तिन्ही खरे.

हा हाताळायला संयम लागतो. एका चार्जिंगमध्ये शंभरच्या आतच फोटो निघतात. कंपनीनंच डब्यात दोन बॅटऱ्या दिल्या होत्या. फोटो घेतला की कार्डावर लिहून होईपर्यंत थांबायचं. आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपायची संवेदनशीलता, शंभर-दोनशेच्या वर न्यायची नाही. लेन्स बदलत नाही, हादरे सावरणारी सोय नाही. यूट्यूबवरची परीक्षणं इथंच संपतात, कारण ती मांजरींवर आणि कॉफीच्या कपांवर केलेली असतात. कापडावर करून बघितलं असतं तर वेगळं बोलले असते. मी दोन स्टुडिओ फ्लॅश तिरके, खाली लावले, खोलीत अंधार केला, कॅमेरा टेबलावर उलटा टांगला. फ्लॅशचा एकच झटका, मग माग कितीही आपटोत. रुंदीच्या तीनच फ्रेम घेतल्या. कडेला कागदाची पट्टी खुणेसाठी, म्हणजे जोड हातानं लावता येतो. मग फाइली सिग्माच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायच्या, आणि तेही सावकाश.

शंभर टक्क्यांवर लुगडं उघडलं तेव्हा मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. पट्टे नव्हते. पेन्सिलीचं टोक स्क्रीनवर धरून ते तेलुगूत मोजू लागले. काठ संपून अंग सुरू होतं तिथल्या निळ्या पट्टीत ते थांबले. एक धागा वेगळा होता, जवळजवळ काळा. "हिथं ताण्याचा धागा तुटला असंल. घरात होतं त्या सुतानं सांधलंय. धरायचा न्हाई," ते म्हणाले. कारखानदारांचा मुलगा म्हणाला, मग फोटोतूनही काढून टाका, कॅटलॉगमध्ये नको. कापडातल्या प्रत्येक वेगळेपणाला डाग समजायची सवय या नव्या पिढीला निर्यातीच्या तपासणीनं लावली आहे. मी म्हटलं, आधी दुसरा काठ बघू.

दुसऱ्या काठाला, आतून मोजत आलं तर त्याच क्रमांकावर, तसाच धागा.

मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. मग पीक ग्लास घेऊन उठले, आत्यांना विचारून लुगड्यापाशी गेले आणि तिथूनच ओरडले, "काळा न्हाई, हिरवा हाय!" गडद, बाटलीचा हिरवा. मी भिंगातून पाहिलं, खरंच हिरवा. आमच्या स्क्रीनवर मात्र काळा. याचं कारणही सिलिकॉनमध्येच आहे. थरांच्या सीमा स्वच्छ नसतात, एका थरातला प्रकाश दुसऱ्यातही मोजला जातो. रंग वेगळे करायला मोठी गणितं करावी लागतात आणि गडद छटांत ती डळमळतात. कॅमेऱ्यानं धागा अचूक वेगळा दाखवला आणि त्याचा रंग मात्र चुकवला. त्याच जागेचा माझ्या कॅमेऱ्यानं अगदी जवळून क्लोजअप घेतला, कलर चार्ट शेजारी ठेवून. एका धाग्याला भरपूर पिक्सेल मिळाल्यावर पट्टे उरले नाहीत, आणि हिरवा हिरवाच आला.

तेव्हापासून डोक्यात हेच फिरतंय. पट्ट्यांच्या फोटोत तो धागा दिसलाच नसता, आणि नुसत्या मेरिलवर विसंबलं असतं तर मास्तरांनी काळं सूत रंगवून घेतलं असतं. खुलासा झाला तो लुगडं खोलीत होतं म्हणून. गाडी सुटल्यावर फाइलींना विचारून हिरवा कळला नसता.

कॅमेऱ्याचं बोलायचं तर किंमत एका लग्नाच्या ऑर्डरच्या आसपास आहे, ती जड नाही. जड आहे ते पुढचं. मॉडेल केव्हाच बंद झालंय, बिघडला तर सुटे भाग मिळणं कठीण. सिग्मानं तीन थरांचा फुल फ्रेम कॅमेरा २०२० साली आणू म्हटलं होतं, तोही लांबला. आणि हा एकटा कधीच पुरणार नाही, रंगासाठी दुसरा कॅमेरा कायम सोबत लागणार. टॉवेलच्या कामात त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथं खरेदीदाराला रंग हवा असतो, आणि इथले निम्मे मालक तो व्हॉट्सअॅपवरच्या चेपलेल्या फोटोत पारखतात.

पण आत्यांच्या नणंदेकडे आणखी लुगडी आहेत, असा निरोप आलाय. कारखानदारांनी दर मागितला. मी रुंदीच्या फ्रेमचा वेगळा आणि रंगाच्या क्लोजअपचा वेगळा लावला. मास्तरांचं वाचन पूर्ण होईपर्यंत कापड परत जाणार नाही, ही अट सर्वांत वर घातली. ती मान्य झाली तर कॅमेरा घेणार, असं मित्राला सांगून टाकलंय. जेवढ्या बॅटऱ्या असतील तेवढ्या सगळ्या दे, म्हटलं.