मंडळाचा मेळावा आणि चिंबोरीचा थेंब

आमच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दीपप्रज्वलन, अहवाल, पाहुण्यांचा परिचय हे सगळं रीतसर होतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खरा मेळावा भरतो दुपारी, प्रयोगशाळेत, सरांच्या चिंबोरीपाशी. नेमकी तेव्हाच निम्मी मंडळी पान खायला बाहेर! जेवणाच्या पंगतीला मात्र एकही गैरहजर नसतो.

पूर्वी इथे कोलंबीचं विच्छेदन असे. मूत्र तयार करणाऱ्या ग्रंथीला ‘हरित ग्रंथी’ म्हटल्यावर मुलं हिरवं काहीतरी शोधत बसायची, आणि ग्रंथी निघायची मटाराच्या दाण्याएवढी, पांढरट. हिरवी असते ती क्रेफिशची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या प्राण्याची. नाव तिथून आलेलं. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन बंद करायला सांगितलं आणि सुरी कपाटात गेली. बरंच झालं. मेलेल्या कोलंबीत नळ्याच दिसत. जिवंत चिंबोरीचं मूत्र काढून पाहिलं की त्याच ग्रंथीचं चालू काम दिसतं.

चिंबोरी आधी बर्फाच्या चुऱ्यात ठेवतात, ती सुस्तावेपर्यंत. नांग्या बांधलेल्याच. डोळ्याखाली, दुसऱ्या शृंगिकेच्या (मिशीच्या) बुडाशी, मूत्रछिद्रावर इवलंसं झाकण असतं. तिथला ओलावा टिपकागदाने पुरता टिपायचा. तो राहिला तर कल्ल्यांतलं पाणी मिसळतं आणि पुढची सगळी तपासणी फुकट. मग टोक वाकवलेल्या सुईने झाकण अलगद उचलून, ओढून बारीक केलेली काचनळी टेकवायची. सुई खोल गेली की रक्त येतं. धसमुसळेपणाने हाताळलेली चिंबोरी आधीच मोकळी होऊन बसते. मग मूत्राशय पुन्हा भरेपर्यंत तिला टोपलीत सोडून वाट बघावी लागते.

स्वच्छ, पाण्यासारखा थेंब नळीत चढू लागला की सर बोलू लागतात. भाषण दरवर्षी तेच, तरी अंगावर काटा येतो. ग्रंथीच्या टोकाच्या पिशवीची भिंत आपल्या मूत्रपिंडातल्या गाळणीसारख्याच पायदार पेशींची. रक्ताच्या दाबाने पाणी, क्षार, साखर गाळून पलीकडे जातात. मोठी प्रथिनं अलीकडेच अडतात. पुढच्या नागमोडी पोकळ्यांच्या चक्रव्यूहात साखर परत रक्तात घेतली जाते. फ्लोरिझिन नावाचं द्रव्य दिलं की हे परत घेणं थांबतं आणि साखर मूत्रात उतरते. उलट मॅग्नेशियम आणि सल्फेट मुद्दाम बाहेर लोटले जातात. आदल्या संध्याकाळी टोचलेलं फेनॉल रेड हे रंगद्रव्यही तसंच मूत्रात साठतं. थेंब आम्लधर्मी असला तर ते पिवळं दिसतं. सौम्य सोड्याचा एक थेंब पडला की लाल होतं आणि मागच्या बाकांवरून ‘अरे!’ ऐकू येतं.

मग सर थांबतात आणि विचारतात, ‘अमोनिया कुठाय?’ कुणीतरी नळीकडे बोट दाखवतं. सर चिंबोरीच्या कल्ल्यांवर बोट ठेवतात. बहुतेक अमोनिया तिथूनच जातो. चिंबोरीचं मूत्र रक्ताइतकंच खारट असतं. क्रेफिशला जास्तीची लांब नळी असते, तीत क्षार परत शोषले जातात, म्हणून त्याचं मूत्र रक्ताच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकं पातळ. किनाऱ्यावर पळणाऱ्या काही खेकड्यांना ती नळी नाही, तर ते मूत्र कल्ल्यांच्या पोकळीत वळवून त्यातलं मीठ परत पिऊन घेतात! इथे सरांचा आवाज दरवेळी थोडा घोगरा होतो.

आता आभार, कारण छापील अहवालात दोन ओळीच मिळतात. पहाटे खाडीवरून जिवंत, भरल्या चिंबोऱ्या निवडून आणणाऱ्या कोळीणमावशी. बर्फ फोडून देणारे कँटीनवाले काका. स्पिरिटच्या दिव्यावर काचनळ्या ओढणारे प्रयोगशाळेतले मामा (सहातल्या चार तुटतात, तरी कुरकुर नाही). सोडा देणाऱ्या रसायनशास्त्राच्या बाई. टॉर्च धरून उभी राहिलेली दुसऱ्या वर्षाची मुलगी. आणि गेल्या वर्षी ज्याचा उल्लेख राहून गेला, तो संध्याकाळी टोपली सायकलला बांधून चिंबोऱ्या खाडीत सोडून येणारा शिपायाचा मुलगा. त्या दिवशी तो पंगतीला पोचेपर्यंत जिलेबी संपलेली होती.