खांदेरीचा दिवा

झिरो माइलच्या दगडापासून कुठलाच समुद्र जवळ नाही, त्यामुळे आम्हा नागपूरकरांना दीपगृहाचे अप्रूप जरा जास्तच. तरी अलिबागजवळच्या थळहून होडीने खांदेरी बेटावर उतरल्यावर माझे लक्ष आधी तटबंदीनेच वेधले. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांचा विरोध मोडून मुंबईच्या तोंडाशी हा किल्ला बांधायला घेतला, आणि ज्या इंग्रजांना तो खुपत होता त्यांच्याच राजवटीत १८६७ मध्ये तिथे दीपगृह उभे राहिले, ही गंमत मला फार आवडते. आज त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. बेटावरच्या एका खडकावर लहान दगड आपटला की पितळी भांड्यासारखा खणखणीत नाद उमटतो. कोळीबांधव मात्र आधी वेताळाच्या दर्शनाला जातात.