७४० वर्षांतून एकदा येणारा उन्हाळा मॉडेलमध्ये गाठताना

९० दिवसांच्या उन्हाळ्याची सरासरी नेहमीपेक्षा २.१ अंशांनी वर जाण्याची शक्यता मला हवामानाच्या मॉडेलमधून काढायची होती. या सरासरीचं प्रमाण विचलन ०.७ अंश. सामान्य वितरण धरलं, तर ही ७४० वर्षांतून एकदाची गोष्ट. मॉडेल नुसतं चालवत राहिलं, तर १० टक्के त्रुटीपर्यंत यायला सुमारे ७४,००० उन्हाळे लागतात. ५० वर्षांच्या नोंदींवर वितरणाची शेपटी (टोकाचा भाग) बसवणं स्वस्त पडतं, पण एवढ्या नोंदींत आकार-प्राचलाचं, म्हणजे शेपटी किती लांब ते सांगणाऱ्या आकड्याचं, चिन्हही नीट ठरत नाही.

म्हणून क्लोनिंग केलं: तापत चाललेल्या रनच्या प्रती काढायच्या, बाकीचे गाळायचे. १२८ रन एकदम सोडले. दर ६ दिवसांनी प्रत्येकाचं रोजचं तापमान नेहमीपेक्षा किती वेगळं त्या फरकांची बेरीज घेऊन ती 'के'ने (निवड किती कडक ते ठरवणाऱ्या आकड्याने) गुणायची आणि e चा तेवढा घात म्हणजे त्या रनचा भार. भाराला सगळ्यांच्या सरासरीने भागायचं. उत्तर २.४ आलं, तर दोन प्रती नक्की आणि तिसरी ४० टक्के शक्यतेने, ०.३ आलं, तर रन बहुधा बाद. एकूण संख्या १२८ वर आणायला कमी-जास्त प्रती चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडायच्या.

'के' अंदाजाने ठरवू नये. हवी ती वाढ भागिले (दिवस गुणिले विचलनाचा वर्ग): २.१ ÷ (९० × ०.४९), म्हणजे ०.०४८. मी आधी दुप्पट घेऊन पाहिला. लाटा झकास आल्या, पण शेवटच्या १२८ रनचे मूळ पूर्वज मोजले तर हाताच्या बोटांवर! म्हणजे प्रत्यक्षात तीन-चारच नमुने. पूर्वजांची ही मोजणी कोणी टाळू नये.

प्रतींना किंचित धक्का द्यावाच लागतो, नाहीतर जुळे रन शेवटपर्यंत जुळेच राहतात. रोज निवड केली, तर त्यांना वेगळं व्हायला वेळ मिळत नाही. २० दिवसांनी केली, तर तापलेले रन तोवर पुन्हा सरासरीकडे ओसरतात. सुरुवातीच्या स्थिती लांब रनच्या वेगवेगळ्या वर्षांतून घ्याव्यात, कारण मातीतला ओलावा आठवडेच्या आठवडे स्मृती धरून असतो.

शेवटी भार उलटा लावायचा: प्रत्येक रनच्या सगळ्या टप्प्यांतल्या एकूण भाराचा व्यस्त, गुणिले सगळ्या टप्प्यांच्या सरासरी भारांचा गुणाकार. हे विसरून नुसत्या प्रती मोजल्या, की दुर्मीळ उन्हाळा रोजचा वाटू लागतो. गणित लॉगॅरिदममध्येच ठेवावं.

त्रुटीसाठी सगळं १० वेळा स्वतंत्रपणे चालवलं. पडताळणी १.४ अंशांवर, 'के' ०.०३२ ठेवून: तिथे १,२८० साध्या रनमध्ये २९च्या आसपास उन्हाळे सापडायला हवेत, आणि उलट्या भाराने काढलेली शक्यता त्यांच्याशी जुळायला हवी.