दोरी ओढायची नाही

आपल्या अंध मुलांच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना बाईंनी फोनवरच बजावलं, "प्रेरणादायी वगैरे लिहू नकोस. तसले ढीगभर आलेत." बाई अजून तशाच आहेत हे ऐकून बरं वाटलं. तेव्हा अंधारावर मात, जिद्द, उजेडाची वाट यांतलं इथे काही सापडणार नाही. मी आपल्या मैदानाबद्दल लिहिणार आहे, आणि त्या मैदानावर मदत करण्याचे जे नियम होते त्यांच्याबद्दल.

शाळेत आले तेव्हा मला पळता येत नव्हतं. चालता यायचं, तेही कुणाचा तरी हात धरून. घरी सगळे इतकं जपायचे की पडायचं कसं हे शिकायची वेळच माझ्यावर कधी आली नव्हती. खेळाच्या सरांनी आम्हा नव्या मुलींना आधी गादीवर नेलं आणि पडायला लावलं. उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, हात टेकून पुढे. ते जमल्यावर पळणं. ज्यांना जन्मापासून दिसत नाही अशी मुलं पळायला लागली की त्यांचं धड मागे कलतं, हनुवटी वर जाते, हात पुढे येतात. समोर काही असलंच तर ते तोंडावर आदळू नये ही शरीराची आपली तजवीज. सर पाठीला तळहात लावून दोनच शब्द म्हणायचे, "छाती पुढे." आणि हात काढून घ्यायचे. हात काढून घ्यायचे हे महत्त्वाचं.

वसतिगृहात एक राज्य चालायचं, ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. थोडंफार दिसणाऱ्या मुलींचं राज्य. सूचनाफलक त्या वाचणार, ऑफिसात निरोप घेऊन त्या जाणार, कोण पाहुणे आलेत ते त्या सांगणार आणि कुणी कुठे बसायचं तेही त्याच ठरवणार. वासरांत लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार. आम्ही पूर्ण अंध मुली म्हणजे त्यांची प्रजा. भांडण झालं की एक ताई माझी चप्पल दोन हात पलीकडे सरकवून ठेवायची आणि मी चाचपडत बसले की हसायची. (ताई, हे वाचत असशील तर नमस्कार.)

हे राज्य उलथवलं गोलबॉलनं, म्हणजे घंटेचा चेंडू हातानं जमिनीवरून टाकून समोरच्या गोलात घालायच्या खेळानं. हान्स लोरेंझन आणि सेप राइंडल यांनी १९४६ साली, दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी हा खेळ काढला. मला त्यातली आवडलेली गोष्ट ही की तो डोळसांच्या खेळाची डागडुजी करून बनवलेला नाही, मुळातच न दिसणाऱ्यांसाठी रचलेला आहे. दोन्ही बाजूंना तीन-तीन खेळाडू आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी. थोडं दिसणारीच्या डोळ्यांवरही आणि मुळीच न दिसणारीच्या डोळ्यांवरही. पंचांना न विचारता पट्टीला हात लावला तरी पेनल्टी. सरांनी पहिल्यांदा पट्ट्या बांधल्या तेव्हा त्या ताईला मैदानाच्या मध्यावरून स्वतःचा गोल सापडेना. मी सरपटत गेले आणि माझ्या जागी जाऊन बसले. ती मला विचारत होती, "कुठे आहेस गं?" मी उत्तर दिलं नाही.

हे मैदान बोटांनी वाचायचं असतं. लांबी १८ मीटर, रुंदी ९, आणि गोल आख्ख्या रुंदीभर पसरलेला. रेघांच्या चिकटपट्टीखाली सुतळीसारखी दोरी घातलेली असते. तिच्यावरून बोट फिरवलं की आपण कुठे आहोत आणि तोंड कुणीकडे आहे ते कळतं. मी दर चेंडूआधी डाव्या हाताची दोन बोटं त्या उंचवट्यावर टेकवून ठेवायची. चेंडू सव्वा किलोचा, आत घंटा, अंगाला भोकं. तो समोरून निघाला की आधी टाकणारीच्या पायांची धाव ऐकू येते, मग जमिनीवर आपटल्याचा आवाज, मग घंटा. तेवढ्या वेळात बाजू ठरवायची आणि आडवं पडायचं: हात डोक्यावर ताणलेले, पाय लांब, पोट आवळलेलं. पोट आवळायला विसरलात तर सव्वा किलो म्हणजे काय ते समजतं. आणि अडवला की संपलं असं नाही. दहा सेकंदांत तोच चेंडू मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे गेला पाहिजे, म्हणजे कळवळायलाही सवड नाही.

पेनल्टी झाली की दोघींना बाहेर काढतात आणि नऊ मीटरचा गोल एकटीनं राखायचा. बाकावर बसलेल्या सरांना खेळ चालू असताना सूचना देता येत नाहीत. दिली तर तीही पेनल्टी. प्रेक्षकांनीही चेंडू खेळात असेपर्यंत गप्प बसायचं, ओरडायचं ते गोल झाल्यावर. आमच्या स्पर्धांना येणाऱ्या पालकांना हे फार जड जायचं. आपल्या मुलीकडे चेंडू चाललाय, तो दिसतोय, आणि "डावीकडे!" असं म्हणायचं नाही. एका काकांनी तसं म्हटलं आणि सरांनी त्यांना नम्रपणे हॉलबाहेर उभं केलं.

पुढे मी धावण्याकडे वळले, आणि दोरी हातात आली. शेजारच्या कॉलेजातला एक धावपटू सरांनी गाठून आणला. मी त्याला दादा म्हणायची. सरांनी बुटाची नाडी घेतली, दोन्ही टोकांना फास केले, एक माझ्या डाव्या हाताच्या बोटांत, दुसरा त्याच्या उजव्या. आणि त्याला सांगितलं, "दोरी ओढायची नाही. ढकलायचं नाही. तिच्याआधी रेषा ओलांडायची नाही. तू फक्त बोलायचं." आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही नियम हेच आहेत. पूर्ण अंध धावपटूंच्या गटाला टी-११ म्हणतात. तिथे पट्टी आणि गाइड, म्हणजे सोबत धावणारा डोळस, दोन्ही सक्तीचे, आणि ट्रॅकवर प्रत्येक जोडीला दोन लेन. टी-१२ मध्ये, म्हणजे थोडं दिसणाऱ्यांत, गाइड हवा असेल तर घ्यायचा. त्याहून जास्त दिसणारे टी-१३ वाले एकटे धावतात.

सुरुवातीला आमचे हात एकमेकांवर आपटायचे. माझा डावा आणि त्याचा उजवा एकदम पुढे, एकदम मागे आले पाहिजेत, म्हणजे पायही तसेच पडायला हवेत. ते जमेपर्यंत आम्ही जागेवरच उभं राहून नुसते हात हलवायचो. बाकीच्या मुली हसायच्या. एकदा लय बसली की मग मात्र नाडी सैल राहते आणि ती आहे हे विसरायला होतं. दादाचं बोलणंही आटत गेलं. आधी तो पूर्ण वाक्यं बोलायचा, मग "वळण", "सरळ", "वीस", आणि शेवटी "छाती". वीस म्हणजे उरलेले मीटर. एकदा मी थकल्यावर नाडी जरा ताणली गेली आणि त्याचा हात पुढे राहिला. शर्यत संपल्यावर तो सरांना स्वतःहून म्हणाला, "सर, मी ओढलं का?" सर म्हणाले, "तिला विचार." मला विचारण्यात आलं, हे मला फार नवं होतं.

शर्यत संपेपर्यंत दोरी सोडायचीही नाही, आणि या नियमाचा जाच किती असू शकतो ते २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये दिसलं. मॅरेथॉनमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त तिसरी येत होती. शेवटच्या काही पावलांवर तिच्या गाइडच्या पायात गोळे आले, तो कोसळायला लागला, आणि त्याला सावरायला तिनं क्षणभर दोरी सोडली. रेषा तिनंच आधी ओलांडली, चौथी स्पर्धक तीन मिनिटांहून जास्त मागे होती, तरी तिला बाद केलं. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात त्यावर दोन दिवस भांडण चाललं. मला विचाराल तर निर्णय निर्दय होता. पण दोरी कधी सुटली तर चालते याची यादी करायला बसलो तर ती कुठे संपेल, हेही मला उमगतं. त्याच स्पर्धेत आपल्या सिमरन शर्मानं २०० मीटरमध्ये कांस्य घेतलं, तेव्हा तिच्या गाइडच्या, अभय सिंगच्या, गळ्यातही पदक पडलं. ते मला योग्यच वाटतं.

मदत मोजून देण्याची ही रीत जवळजवळ प्रत्येक खेळात आहे. पोहताना भिंत जवळ आली की काठावरचा माणूस मऊ टोकाच्या काठीनं अंगाला टपकन स्पर्श करतो, एवढंच त्याचं काम. फुटबॉलमध्ये गोलरक्षक डोळस असतो, पण त्यानं आपल्या बचावाच्या भागापुरतंच बोलायचं. मधल्या भागात प्रशिक्षक, पुढे समोरच्या गोलामागे उभा असलेला गाइड. हद्द ओलांडून सल्ला दिला की फाउल. ज्युदोत दोघांनी एकमेकांची पकड घेतल्यावरच पंच कुस्ती सुरू करतात, आणि मग कुणी कुणाला काही सांगत नाही. कपिल परमारनं पॅरिसमध्ये ६० किलो गटात कांस्य मिळवलं, ते भारताचं ज्युदोतलं पहिलं पॅरालिम्पिक पदक.

क्रिकेटबद्दल मात्र माझं आणि आपल्या मुलांचं कधी पटलं नाही. छऱ्यांचा चेंडू, खालून टाकायचा, खेळपट्टीच्या मध्याआधी एक तरी टप्पा, गोलंदाजानं "प्ले" म्हणायचं, हे सगळं ठीक. संघात किमान चार पूर्ण अंध हवेत हेही ठीक. नाहीतर आम्हाला कुणी घेतलंच नसतं. पण पूर्ण अंध फलंदाजाची धाव दुप्पट का? मी म्हणायची, ही भीक आहे. सरांचं म्हणणं वेगळं होतं: "दुप्पट धावा नसत्या तर तुम्हाला संघात घेतलं असतं आणि अकरावं पाठवलं असतं. आता वर पाठवतात." त्याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही, आणि पटलेलंही नाही. खेळ जुना आहे, १९२२ मध्ये मेलबर्नच्या एका कारखान्यातल्या अंध कामगारांनी डब्यात खडे घालून सुरू केलेला. आपल्या काळी मुलींना त्यात घेत नसत. सीमेवर उभं राहून चेंडू आणून द्या, म्हणायचे. न दिसणाऱ्या मुलींना चेंडू शोधायला लावायचं, वा! म्हणूनच २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या अंध मुलींनी कोलंबोत नेपाळला हरवून पहिला महिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, त्या रात्री मी शाळेतल्या निम्म्या मुलांना फोन करून झोपेतून उठवलं.

बुद्धिबळावर दुसऱ्या कुणी लिहिलं असेल, म्हणून मी सोडून देते.

आता शाळेबाहेरचं. बँकेत जायला मी थांब्यावर उभी असते. कुणीतरी सद्गृहस्थ मागून दंड पकडतात आणि मला रस्त्यापलीकडे पोचवून, समाधानानं निघून जातात. मला पलीकडे जायचंच नसतं. पूर्वी मी मुकाट्यानं जायची. आता सांगते, "हात सोडा, मी तुमचं कोपर धरते. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. पायरी आली तर वर की खाली, तेवढं बोला." बहुतेकांना हे आवडतं, कारण नेमकं काय करायचं ते त्यांनाही माहीत नसतं. ही भाषा मला दादाबरोबर धावताना आली. मदतीची हद्द घेणाऱ्यानं सांगायची असते, हे आपल्या मैदानाखेरीज मला कुठेच शिकवलं नव्हतं.

काहींना तरीही ते जमत नाही. एका शर्यतीच्या आयोजकांनी मला सांगितलं होतं, मॅडम, तुम्ही सुरुवातीला झेंडा दाखवा, सत्कार करू, पण दहा किलोमीटर नको, गर्दीत जबाबदारी कोण घेणार? सोबत गाइड आहे, त्याच्या छातीवर तसं लिहिलेलं असतं, हे सांगून पाहिलं. झेंडा मात्र त्यांनी दोनदा देऊ केला. मी दुसऱ्या शर्यतीत धावले.

असलं कौतुक मला उलट्या बाजूनंही चालत नाही. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये अल्पदृष्टी गटात अब्देलतीफ बाकानं १५०० मीटर ३:४८.२९ मध्ये पार केले, आणि तीन आठवडे आधी तिथेच ऑलिम्पिकचं सुवर्ण ३:५०.०० ला गेलं होतं. हा आकडा दरवर्षी कुणीतरी मला पाठवतं, खाली हात जोडलेले. पण ऑलिम्पिकची ती शर्यत मुद्दाम सावकाश, डावपेचांची झाली होती. धावणाऱ्या माणसाला हे कळतं. बाका जबरदस्तच धावला, पण त्याच्या कौतुकासाठी समोरच्याची शर्यत विसरायची गरज नाही.

बाईंकडून कळलं की सुवर्णमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी संघ प्रवेशद्वाराशी कमान बांधणार आहे. बांधा. माझं मागणं वेगळं आहे. आठवीत एक मुलगी आहे. तिच्यासोबत धावायला मी दोन गाइड आणून दिले, दोघांनाही चारशे मीटरनंतर बोलता येईना. गाइड धावपटूपेक्षा बराच वेगवान लागतो, कारण धावता धावता त्याला सूचनाही द्यायच्या असतात. मुलगी जितकी सुधारते तितके तिला गाइड कमी पडतात. तेव्हा ज्यांची डोळस मुलं-पुतणे कॉलेजात ॲथलेटिक्स करतात त्यांनी ती रविवारी सकाळी मैदानावर पाठवावीत. आधी शिकवून पाठवू नका, ते आम्ही बघू. फक्त १५०० मीटर पाच मिनिटांच्या आत धावणारी पाठवा, आणि शर्यत संपल्यावरही तोंडानं बोलू शकणारी.