बोनाफाईडच्या पाच फेऱ्या आणि बालेवाडीतली तीन मिनिटं

माझ्या मुलीचं नाव ईरा. ई दीर्घ, इंग्रजीत लिहिताना डबल ई. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचा सगळा त्रास या एका अक्षरामुळे झाला.

परवा तिच्या जुन्या फुटबॉल अकादमीतल्या एका छोट्या मुलाच्या आईचा फोन आला. कुठल्याशा स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी खेळाडूंचा हात धरून मैदानात जायला लहान मुलं हवी आहेत, कागदपत्रं कशी जमवायची, तुम्ही यातून गेला आहात ना? गेले आहे. इतकी वर्षं झाली तरी शाळेच्या कार्यालयाच्या त्या खिडकीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवते.

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा 2017-18 चा मोसम होता. तेव्हा एफसी पुणे सिटी हा आपला संघ होता आणि त्याचे घरचे सामने पुण्यातल्या बालेवाडीच्या स्टेडियमवर व्हायचे. (2019 मध्ये तो संघ बंद झाला. ईरा त्या रात्री जेवली नव्हती.) ईरा तिसरीत होती, कोथरूडच्या एका अकादमीत आठवड्यातून तीन दिवस खेळायला जायची. एका सोमवारी संध्याकाळी सरांचा मेसेज आला: पुढच्या आठवड्यातल्या सामन्याला मुलं हवी आहेत. एका संघाचे अकरा खेळाडू, म्हणजे दोन्ही संघांची मिळून बावीस मुलं. वय सहा ते दहा. फार उंच मुलं नकोत, कारण रांगेत मुलं खेळाडूंच्या पुढे उभी राहतात आणि कॅमेऱ्यात खेळाडूंचे चेहरे दिसायला हवेत. त्याहून मोठ्या मुलांना बॉल बॉय, बॉल गर्ल म्हणून घेतात. ते काम वेगळं, पूर्ण नव्वद मिनिटं सीमारेषेबाहेर उभं राहण्याचं.

कागदपत्रं शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची होती. आधारची प्रत, आईवडिलांच्या सह्यांचं संमतिपत्र, दोन फोटो आणि शाळेचं बोनाफाईड. बोनाफाईडवर मुलीचा फोटो, त्यावर शाळेचा शिक्का आणि जन्मतारीख. सगळ्या कागदांवर नाव अक्षर न् अक्षर सारखं. पास त्याच नावाने छापणार होते आणि खेळाडूंच्या भागात पासाशिवाय कोणालाही सोडत नाहीत. हा नियम मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. आपली मुलं आपण अनोळखी माणसांच्या गर्दीत पाठवतो. कोण आत जातंय याची नोंद असलीच पाहिजे.

आधार, फोटो, सह्या हे सगळं त्याच रात्री झालं. उरलं फक्त बोनाफाईड.

मंगळवारी ऑफिसातून अर्धी रजा घेऊन अकरा वाजता शाळेत गेले. खिडकीतल्या क्लार्कनी मान वर न करता सांगितलं, पालकांची वेळ साडेतीन ते साडेचार. ही वेळ कुठे लिहिली आहे असं विचारलं तर त्यांनी उघड्या दाराच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. पाटी तिथे होती, फक्त दार बंद असलं तरच दिसणारी. साडेतीनला परत गेले. अर्ज लिहून दिला, कारणाच्या जागी सरळ लिहिलं, 'फुटबॉल सामन्यासाठी'. अर्ज माझ्याकडे परत आला. "असल्या कारणासाठी बोनाफाईड देत नाही मॅडम. पासपोर्ट, बँक, बसपास, शिष्यवृत्ती असेल तर सांगा." बसपास असं लिहून मोकळं होता आलं असतं. बाकावर बसलेल्या एका पालकांनी मला तसं सुचवलंही. पण मुलीच्या पहिल्या मोठ्या गोष्टीची सुरुवात खोटं लिहून करायची नव्हती. घरी येऊन अकादमीच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "क्रीडा उपक्रमासाठी वयाचा पुरावा" असं लिहा आणि सोबत अकादमीचं पत्र जोडा. पत्र त्यांनी रात्रीच पाठवलं. हे आधी माहीत असतं तर माझी एक फेरी वाचली असती. तुम्ही पहिल्याच अर्जात हे शब्द लिहा आणि पत्र सोबत न्या.

बुधवारी अर्ज घेतला. बोनाफाईड छापलंही. पण मोठ्या बाई प्रशिक्षणाला गेलेल्या, सही नाही. दुसऱ्या कोणाला सहीचा अधिकार आहे का विचारलं तर उत्तर मिळालं नाही. साडेचार वाजता खिडकी बंद झाली.

गुरुवारी सही झालेला कागद हातात आला. मी तिथेच उभ्या उभ्या वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. इंग्रजीत नाव होतं आय-आर-ए. आधारवर डबल ई. पासासाठी हा कागद चालणार नव्हता. मी क्लार्कना दाखवलं. ते म्हणाले, "रजिस्टरला जे आहे तेच येतं. रजिस्टरमध्ये बदल करायचा तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. प्रस्ताव करा, दोन-तीन महिने लागतील." मी जन्मदाखला दाखवला, आधार दाखवलं. "ते तुमचं बरोबर असेल हो, पण आमच्याकडे हे आहे." पुढच्या माणसाला त्यांनी बोलावलंसुद्धा. मी बाजूला होऊन बाकावर बसले. तासभर बसले असेन. काय करायचं ते सुचत नव्हतं आणि उठून जायचंही मन होईना.

घरी आले तर ईरा सराव करत होती. स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत बाबाचा हात धरून चालायचं, समोर बघायचं, हसायचं, थांबायचं, हात सोडून पळत परत यायचं. सोमवारपासून रोज हेच. मी तिला सांगितलं की कदाचित जमणार नाही, शाळेत तुझं नाव वेगळं लिहिलंय. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "माझं नाव चुकीचं आहे का?" आठ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडावा याची चीड मला अजून येते. आपल्या चुकीच्या टंकलेखनापायी कोण कुठे रडतंय हे खिडकीपलीकडच्या माणसाला दिसत नाही, पण दिसायला हवं.

रात्री झोप नाही. दोनच्या सुमारास डोक्यात आलं: तिच्या प्रवेशाचा अर्ज मी स्वतः भरला होता, मराठीत, जन्मदाखला समोर ठेवून. शाळा मराठी माध्यमाची. मग रजिस्टरमध्ये इंग्रजी आलं कुठून?

शुक्रवारी खिडकी टाळून आत गेले. दुसऱ्या टेबलावर एक ज्येष्ठ बाई बसायच्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांना म्हटलं, "बाई, मला बदल काहीच नको आहे. फक्त जनरल रजिस्टर उघडून माझ्या मुलीची ओळ मला दाखवा." त्यांनी चष्मा लावला, प्रवेशाचं साल विचारलं, कपाटातून ते लांबरुंद रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत आल्या. निळ्या शाईत, सुंदर अक्षरात: ईरा. दीर्घ. त्या पानावर इंग्रजी अक्षरच नव्हतं. इंग्रजी स्पेलिंग संगणकात माहिती भरताना कोणीतरी आपल्या मनाने टाकलं होतं. रजिस्टर पहिल्या दिवसापासून बरोबर होतं आणि मला दोन-तीन महिन्यांचा प्रस्ताव करायला सांगितला जात होता, कारण कपाटापर्यंत चालत जाऊन कोणी बघितलंच नव्हतं.

बाईंनी जुना छापील नमुना काढला, हाताने भरला, आधारवरचं इंग्रजी नाव कंसात लिहिलं. मोठ्या बाईंची सही, फोटोवर अर्धा येईल असा गोल शिक्का, जावक क्रमांक. चार वाजून चाळीस मिनिटांनी मी गेटबाहेर उभी राहून कागदाचा फोटो सरांना पाठवला. हात थरथरत होते. खरं सांगते, पुढे मैदानात ईराला पाहून झाला त्याहून जास्त आनंद मला त्या क्षणी झाला.

म्हणून कोणीही 'रजिस्टरला असंच आहे' म्हटलं तर रजिस्टर बघायला मागा. नम्रपणे मागा, पण मागा.

संमतिपत्राबद्दल राहिलंच. सही करण्याआधी ते पूर्ण वाचा. फोटो आणि चित्रण कुठे वापरणार हे त्यात असतं. मुलांसोबत आत कोण असेल आणि कपडे बदलताना कोण असेल, हे त्यात नसेल तर विचारा. मी विचारलं होतं. मुलींसोबत अकादमीच्या एक ताई राहतील असं सरांनी लिहून दिलं. तेव्हा दोन-तीन पालकांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. पुढे 2019 मध्ये फिफानेच मुलांच्या सुरक्षिततेसाठी 'फिफा गार्डियन्स' हा उपक्रम सुरू केला, तेव्हा वाटलं की आपण विचारलं ते योग्यच होतं. आणि पैशांचं: आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही. इंग्लंडमधल्या काही क्लबांमध्ये पालक यासाठी चांगली रक्कम मोजतात, पण तिथे क्लब ती उघडपणे जाहीर करतो. आपल्याकडे मधला कोणी पैसे मागू लागला तर आधी आयोजकांना थेट फोन करा.

सामन्याचा दिवस सोपा गेला. सामना रात्री आठचा, मुलांना साडेचारला बोलावलेलं. आम्ही तीनलाच निघालो, कारण वाटेतल्या चांदणी चौकातली तेव्हाची वाहतूक कोंडी ज्यांना आठवते त्यांना कारण सांगायला नको. गेटवर पास गळ्यात घातले आणि मुलं ताईंबरोबर आत गेली. पालकांना तिथून पुढे सोडत नाहीत. साडेचार ते आठ हा वेळ लहान मुलांसाठी फार मोठा आहे. आत जर्सी, मोजे दिले, रिकाम्या मैदानावर दोनदा चालून दाखवायला लावलं, बाकी वेळ एका खोलीत बसायचं. खाऊ मिळाला तो सहाला. मी दप्तरात केळं आणि शेंगदाण्याची चिक्की दिली होती, ती चार मुलांनी वाटून खाल्ली. पाणी थोडं थोडं प्यायला सांगा आणि खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्यात उभं करण्याआधी सगळ्यांना शौचालयात न्या, असं ताईंना आधीच सांगून ठेवा. एका मुलाला अगदी शेवटच्या क्षणी रांगेतून बाहेर काढावं लागलं होतं. बिचारा रडत परत धावत आला आणि सुदैवाने वेळेत पोचला.

स्वेटर! थंडीच्या दिवसांत बालेवाडीला उघड्यावर रात्री चांगलंच गार वाजतं, आणि मुलं अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत असतात. बाहेर आल्यावर लगेच घालायला स्वेटर ताईंकडेच ठेवा, आपल्याकडे ठेवून उपयोग नाही.

हे स्टेडियम 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, मैदानाभोवती धावपट्टी आहे. त्यामुळे प्रेक्षक बरेच लांब बसतात आणि बावीस मुलांत आपलं मूल कुठलं हे ओळखू येत नाही. ईराचा क्रमांक आम्ही आधी विचारून घेतला होता: डावीकडून चौथी. बोगद्याच्या तोंडाशी पंच दिसले, मागून दोन रांगा. डावीकडून चौथी. लाल रिबन. ती समोर बघत चालत होती, अगदी स्वयंपाकघर ते बाल्कनी चालायची तशी. रांग लागली, खेळाडूंच्या पुढे मुलं उभी राहिली, स्टेडियमभर आवाज. मग इशारा झाला आणि बावीसच्या बावीस मुलं हात सोडून पळत बाहेर. सगळं मिळून तीन मिनिटं. मी मोबाईल काढलाच नाही. मागच्या ओळीतल्या एका गृहस्थांनी काढलेला फोटो मागून घेतला.

2002 च्या विश्वचषकात युनिसेफच्या मोहिमेसाठी मुलं अशी खेळाडूंच्या हाताला धरून आली होती, ते मी कॉलेजात असताना टीव्हीवर पाहिलं होतं. तेव्हा ती मुलं कुठून येतात, त्यांच्या आया कुठे बसलेल्या असतात, असा प्रश्न कधी पडला नव्हता.

बाहेर आल्यावर ईराने दोन गोष्टी सांगितल्या. त्या खेळाडूचा हात गार आणि ओला होता. आणि बोगद्यात त्याने तिचं नाव विचारलं, मग हळूच दोनदा म्हणून पाहिलं. मी विचारलं, कसं म्हणाला? तिने ई लांबवून म्हणून दाखवलं.

सामन्यानंतर दोन दिवसांनी मी पुन्हा शाळेत गेले, साडेतीन वाजता, पाटीवरच्या वेळेत. त्याच खिडकीत तेच क्लार्क होते. रजिस्टरच्या पानाची प्रत आणि आधार समोर ठेवलं आणि संगणकातलं स्पेलिंग दुरुस्त करायला सांगितलं. उद्या करतो म्हणाले. मी म्हटलं, मला घाई नाही, थांबते. पंचवीस मिनिटांनी त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. डबल ई. एक प्रत छापून मागितली, शिक्का मारून घेतली. ईराचा दहावीचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा फाईलमधून पहिला तोच कागद काढला.