बी८ए चा ५ टक्क्यांचा फरक: दोष निघाला पॅनलच्या जाडीत

बी८ए, म्हणजे सेंटिनेल-२ उपग्रहाची जवळच्या अवरक्ताची (एनआयआर) एक पट्टी; तिचं कोडं सुटलं एकदाचं. मागची नोंद जिथे अडली होती तिथूनच सुरू करतो. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या जांभ्याच्या पठारावर मोजलेलं परावर्तन, त्यावरून पाय-सिक्स-एसने (हवेचा परिणाम मोजणारा प्रोग्राम) काढलेला टीओए चा, म्हणजे वातावरणाच्या माथ्यावरच्या परावर्तनाचा अंदाज, आणि तो ताडायचा सेंटिनेल-२ च्या एल१सी शी, म्हणजे उपग्रहाने स्वतः दिलेल्या टीओए शी. बी२ (निळा), बी३ (हिरवा) ला उपग्रह भागिले अंदाज १ च्या आसपास, बी४ (लाल) ला ०.९७ आणि बी८, बी८ए (दोन्ही एनआयआर) ला ०.९५. हवा कशीही असो, आकडा हलेना. लँडसॅट-९ ची एनआयआर पट्टीही तेच सांगत होती. दोन वेगवेगळे सेन्सर एकाच बाजूला एवढे चुकत नाहीत. म्हणजे गडबड एकतर कोडमध्ये, नाहीतर जमिनीवर.

आधी कोड तपासला. प्रोसेसिंग बेसलाइन ०४.०० पासून, म्हणजे २५ जानेवारी २०२२ पासून, एल१सी च्या डीएन (पिक्सेलमध्ये साठवलेला आकडा) मधून १००० वजा करून मग १०००० ने भागायचं. हा आकडा कोडमध्ये ठोकून न बसवता प्रत्येक दृश्याच्या मेटाडेटातून उचलला जातो, त्यामुळे जुनी-नवी दृश्यं एकाच रांगेत बसतात. सूर्याच्या कोनाचा भागाकार एल१सी मध्ये आधीच झालेला असतो, लँडसॅटच्या लेव्हल-१ मध्ये आपण करायचा; तोही ठीक. मग रॅडकॅलनेटच्या (उपग्रह ताडायला जमिनीवरची मोजमापं देणारं जाळं) अमेरिकेतल्या रेलरोड व्हॅलीचं जमिनीचं परावर्तन, एओडी (हवेतल्या कणांचं प्रमाण), बाष्प, ओझोन आपल्या कोडला दिलं आणि त्यांच्याच टीओए शी ताडलं. एनआयआरमध्ये फरक एका टक्क्याच्या आत. ती जागा १४०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे उंचीची बाजूही तपासून झाली. (पाय-सिक्स-एसला उंची किलोमीटरमध्ये लागते: आपल्या पठारासाठी ०.८.) स्वतःचं कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने शेतात जाण्याआधी ही चाचणी करावीच. रॅडकॅलनेटची नोंदणी फुकट आहे.

राहिली जमीन. फरक निळ्याकडे वाढत गेला तर हवेकडे बघायचं: रॅले (हवेच्या रेणूंमुळे उजेड विखुरणं), एरोसोल (हवेतले धूळ-धुराचे कण), उंची. इथे तो एनआयआरकडे वाढत होता. बाष्पावर पहिला संशय येतो, पण बी८ रुंद आहे आणि ८२० नॅनोमीटरचं बाष्पाचं शोषण त्याच्या पट्ट्यात येतं, तर बी८ए मुद्दाम त्याला टाळून ८६५ ला ठेवलाय. बाष्प असतं तर दोघांत फरक दिसला असता. दुसरा संशय जांभ्यावर. लोहाच्या ऑक्साइडमुळे त्याची वक्ररेषा ८५० ते ९०० मध्ये खाली वाकते आणि आपला स्पेक्ट्रोमीटर, हमामात्सूचा सी१२८८०एमए, तर ८५० लाच थांबतो. म्हणून पुढची बाजू एएस७२६५एक्स या दुसऱ्या सेन्सरच्या ८६० आणि ९०० च्या चॅनलवरून जोडली, मधल्या लांबीचा एक आकडा न उचलता पूर्ण एसआरएफवर (कुठल्या तरंगलांबीला पट्टी किती संवेदनशील, याची वक्ररेषा) बेरीज केली. फरक अर्ध्या टक्क्याने हलला. बस्स, तेवढाच.

मग पॅनल, म्हणजे जमिनीचं रीडिंग ज्याच्याशी ताडून परावर्तन काढतो तो पांढरा पृष्ठभाग. आपलं पॅनल म्हणजे ३ मिमी पीटीएफई (टेफ्लॉन) शीट, मागे काळा रंग दिलेलं प्लायवूड. विकणाऱ्याने सोबत दिलेल्या कागदावर परावर्तन ९८ टक्के. असा आकडा साधारण १० मिमी जाड ठोकळ्याचा असतो. पातळ शीटमधून उजेड आरपार जातो आणि तरंगलांबी वाढेल तसा जास्त जातो. तपासायला दहा मिनिटं पुरतात: शीटखाली एकदा काळं कापड, एकदा पांढऱ्या कागदांचा गठ्ठा, दोन्ही वेळा तोच सूर्य, तीच उंची. ८६० ला रीडिंग ३ टक्के वाढलं, ४८५ ला १ टक्का.

इथे एक मेख आहे. ३ टक्के वाढलं म्हणजे ३ टक्केच गळती, असं नाही. मागून परत येणारा उजेड शीटमधून दोनदा जातो, म्हणून वाढ साधारण टी वर्ग गुणिले आरबी भागिले (१ वजा आर गुणिले आरबी); टी म्हणजे गळती, आर शीटचं परावर्तन, आरबी मागच्या कागदांचं. उलट गणित केलं की ८६० ला गळती ८ टक्क्यांच्या घरात येते. म्हणजे खरं परावर्तन ९२ च्या आसपास आणि आपण धरत होतो ९८. जमीन ६ टक्क्यांनी जास्त उजळ दिसणारच! निळ्यातही २-३ टक्क्यांची चूक आहे, पण तिथे टीओए चा निम्मा वाटा हवेचा असतो, त्यामुळे ती झाकली जात होती.

उपाय: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून त्याच शीटचे चार तुकडे कापून घेतले, एकावर एक १२ मिमी, कडेला स्क्रू. एकसंध १० मिमी शीट ३० बाय ३० सेंमी ला दोन किलो भरते आणि किलोच्या भावाने चांगलीच महाग पडते. घेताना व्हर्जिन मागा. रिप्रोसेस्ड माल करडट असतो आणि त्यात काळे ठिपके दिसतात. वरचा तुकडा काचेवर २२० च्या वॉटर पेपरने पाण्यात गोलगोल घासला की चकाकी जाते. बोट लावू नका, पीटीएफई तेलकटपणा पटकन धरतं. लेव्हलही नीट: डिसेंबरात उपग्रह डोक्यावरून जाताना सूर्य डोक्यापासून ४३ अंशांवर असतो, तेव्हा पॅनल सूर्याकडे एक अंश कललं तरी दीड टक्क्याहून जास्त चूक.

आता बी८ए ०.९९.

जुना डेटाही वाया गेला नाही. फाइलमध्ये परावर्तन नाही तर सेन्सरचे कच्चे आकडे (काउंट) आणि पॅनलचा क्रमांक साठवतो, म्हणून जुनी आणि नवी शीट एकाच उन्हात शेजारी ठेवून चॅनलवार गुणक काढला आणि सगळी दृश्यं पुन्हा चालवली.

हे लिहिताना सुचलं: १२ मिमीच्या थराचा आकडा तरी आपण कुठून आणणार? दाबून बसवलेली पीटीएफई पूड १० मिमी जाडीला ३५० ते १८०० नॅनोमीटरमध्ये ०.९९ च्या आसपास देते. लहान डबीत पूड दाबून ती घरातलं मानक ठेवायची, थराला तिच्याशी ताडायचं. त्यामुळे डिफ्यूझरचं (उजेड विखुरणाऱ्या झाकणाचं) ठरलेलं काम पुढे ढकलतो.

मोजायला दुसरी जागा म्हणून हिडकल धरणाच्या पाण्याकाठची उघडी पडलेली जमीनही बघायची आहे, पण चिखलाच्या भेगांची सावली आणि शेजारच्या पाण्याची अडचण आहेच. सांबऱ्याच्या विमानतळाची धावपट्टी कुणी सुचवू नका, तिथे यंत्र काढायचं नाव नको. गळीत हंगामात पाचट पेटलं की धुराने बी१ (सगळ्यात निळी पट्टी) बिघडतो. तिथे पाय-सिक्स-एसचा कॉन्टिनेंटल हा तयार एरोसोल नमुना सोडून काजळीचा वाटा हाताने देऊन बघणार. पूड आली की आधी डबी, मग धूर.