जुन्या पिकअपचं डोअर पॅड काढताना : सगळं अडतं ते काचेच्या हँडलपाशी

जुन्या पिकअपचं डोअर पॅड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं पुठ्ठ्याचं आवरण, काढायला गॅरेज लागत नाही, स्टार स्क्रूड्रायव्हर आणि थोडा दम पुरतो. तो दम खातं ते काच वर-खाली करायचं हँडल. त्याला बाहेरून ना स्क्रू दिसतो, ना नट. मग लोक मोठा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात आणि हँडल तरी मोडतं, नाहीतर मागचा पुठ्ठा. एवढ्याशा क्लिपेपायी हे व्हावं, याची मला अजून चीड आहे.

बाकीचे स्क्रू पाच मिनिटांचं काम. आर्मरेस्टच्या खालून, दार उघडायच्या आतल्या खटक्याच्या वाटीत, आणि लॉकची घुंडी फिरवून काढायची. कुठला स्क्रू कुठला ते मात्र लिहून ठेवा. आखूडच्या जागी लांब गेला तर आत काचेला किंवा काचेच्या मशीनला टेकतो.

आता हँडल. आधी काच पूर्ण वर घ्या आणि हँडल कुठल्या कोनात थांबलंय त्याचा फोटो काढा. काही गाड्यांत हँडलच्या मधोमध प्लास्टिकची टोपी असते, तिच्याखाली साधा स्क्रू. तसं असेल तर सुटलात. टोपी नसेल तर हँडल आणि पॅडच्या मधे, वॉशरच्या वर, घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंगची क्लिप आहे. ती हँडलच्या खाचेतून, दारातून येणाऱ्या दांड्यावरच्या खोबणीत अडकून बसते, म्हणून हँडल ओढून निघत नाही. पॅड तळव्याने आत दाबा, फट उघडते. टॉर्च मारून क्लिपची उघडी टोकं कुठल्या बाजूला आहेत ते बघा.

जुन्या सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी टोकांच्या बाजूने फटीत सरकवा, दोन्ही टोकं हातात धरून गोल बाजूकडे ओढत आळीपाळीने घासा. कापडाची कड क्लिपच्या टोकांत अडकते आणि क्लिप पुढे ढकलली जाते. टेरिकॉटची पट्टी नुसती घसरते, सुतीच हवी. पहिल्या ओढीत निघेल ही अपेक्षा ठेवू नका. पावसाळ्यात गंजलेली असेल तर आधी गंज सुटायचा स्प्रे थोडा मारून थांबा. आणि निघते तेव्हा ती उडते! समोर फडकं धरा, नाहीतर सीटखाली शोधत बसाल. हरवलीच तर पुण्याच्या नाना पेठेत स्पेअरवाल्याकडे जाताना हँडल बरोबर न्या, क्लिपांचे माप सारखे नसतात.

परत बसवताना उलटा क्रम: क्लिप आधी हँडलच्या खाचेत, मग फोटोतल्या कोनात हँडल दांड्यावर दाबायचं, टक् आवाज येईपर्यंत. कोन चुकला तर ते गुडघ्याला लागतं.

मग पॅडच्या कडेच्या प्लास्टिक क्लिपा. खालच्या कोपऱ्यापासून सुरू करा, चपट्या पात्याला टेप गुंडाळून क्लिपच्या अगदी जवळ घाला. दोन क्लिपांच्या मधे ओढलं तर पुठ्ठा वाकतो. डिसेंबरच्या गारठ्यात जुनं प्लास्टिक कडक होतं, गाडी तासभर उन्हात लावून मग हात घाला. डझनभर नव्या क्लिपा आणून ठेवा, काही तुटणारच. सगळ्या सुटल्या की पॅड खाली नाही, वर उचलायचं. ते काचेच्या रबरापाशी पत्र्यावर अडकवलेलं असतं. स्पीकर असेल तर वायर आधी सोडवा.

पॅडमागे दाराला लावलेलं पॉलिथिन फाडून फेकणारे भेटले की बोलावंसं वाटतं. काचेच्या बाहेरच्या रबरातून पावसाचं पाणी दारात येणारच, ते दाराच्या खालच्या भोकांतून जायचं. पॉलिथिन नसेल तर तेच पाणी पुठ्ठ्यावर येतं, पुठ्ठा फुगतो आणि क्लिपांची भोकं फाटतात. फाटलेलं असेल तर जाड पॉलिथिन कापून ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवा आणि खालची कड दाराच्या आत खोचा. पुठ्ठ्यातलं क्लिपचं भोक फाटलं असेल तर मागून पातळ पत्र्याचा तुकडा, तशीच खाच कापून, अराल्डाइटने लावा.

दार उघडलंच आहे तर खालच्या भोकांतला चिखल तारेने काढा. पॅड बसवायच्या आधी काच एकदा पूर्ण खाली-वर करून बघा, लॉकही.